भोगवटादाराचा रकाना

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, रुग्णालयाच्या कपडेपटातून, म्हणजे चादरी-गणवेशांच्या विभागातून निवृत्त, सध्याचा धंदा घरमालकी, हा कागद माझ्या राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल मात्र त्यांचे मत तितकेसे चांगले नाही, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. पाच वर्षांपूर्वी मुलावर रागावून वहीच्या पानावर जे काही लिहिले होते ते कोणाला सापडल्यास फाडून टाकावे. तो राग दोन दिवसांत गेला होता.

या कागदाचे खरे कारण घर नाही आणि पैसाही नाही. वरच्या पुढच्या खोलीत बावीस वर्षे राहणारी बाई हे कारण आहे. ती तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करते, म्हणून सगळी गल्ली तिला काटेवाली म्हणते आणि मीही तेच म्हणते. माझ्यामागे तिला त्या खोलीतून कोणी हलवू नये, एवढी एकच गोष्ट मला या कागदाने साधायची आहे. ती वाटते तितकी सोपी नाही, आणि ती अवघड मीच करून ठेवली आहे. वकीलबाई म्हणाल्या, "मजकूर आटोपशीर ठेवा." मी म्हटले, "चूक आटोपशीर असती तर ठेवला असता."

कलम १. मिळकत. घर दोन मजली आहे. खाली तीन खोल्या, त्यांतल्या दोन माझ्या आणि एक भाड्याची. वर पुढे एक खोली, तीही भाड्याची, आणि मागे गच्ची. हे घर माझ्या नवऱ्याने बांधले. ते नळकाम करीत. आठवडाभर लोकांच्या न्हाणीघरांत वाकून काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी इथे विटा रचायच्या, असे अकरा वर्षे चालले. त्यामुळे घरातली एकही भिंत सरळ नाही आणि एकही नळ गळत नाही. त्यांच्यामागे घर माझ्या नावावर झाले. कागद लोखंडी पेटीत आहेत, किल्ली कुठे आहे ते मुलाला ठाऊक आहे.

कलम २. नवऱ्याची हत्यारे. पाइप कापायचे यंत्र, आटे पाडायचा संच, लहानमोठे सात पाने आणि शिसे वितळवायची पळी, हे सर्व पलीकडच्या गल्लीतल्या नळवाल्यास द्यावे. आमचा आठवा, सगळ्यांत मोठा पाना पंचवीस वर्षांपूर्वी त्याने एका दिवसासाठी नेला होता. परत केला असे तो शपथेवर सांगतो आणि त्याच पान्याने काम करताना मी त्याला दोनदा पाहिले आहे. तो पानाही या कलमाने त्यालाच दिला. आता त्याला तो उघडपणे वापरता येईल.

कलम ३. खालची भाड्याची खोली. घरमालक म्हणजे पायावर पाय टाकून बसलेला माणूस, असे लोकांना वाटते. भाडे येताना सगळ्या गल्लीला दिसते. घरपट्टी, पाणीपट्टी, मोटरीचे वायंडिंग, गच्चीची डागडुजी आणि वर त्याच भाड्यावर उत्पन्नकर, हे सगळे जाताना कोणालाच दिसत नाही. दोन खोल्यांच्या भाड्यावर वर्ष काढताना नाकी नऊ येतात. या खोलीतून माझ्यादेखत सात भाडेकरू गेले. एक मास्तर जाताना बल्ब, बटणे आणि खिडकीच्या कड्या काढून घेऊन गेला. पुढे तो मुख्याध्यापक झाल्याचे कळले. एक जोडपे इतके भांडले की घटस्फोट झाला आणि मग दोघेही वेगवेगळ्या दिवशी येऊन तीच अनामत मागू लागले. आणि एक सुतार होता. त्याने सहा महिन्यांच्या भाड्यापोटी खोलीतच एक कपाट बांधून दिले. कपाट झकास झाले, फक्त दारापेक्षा मोठे झाले. सुतार गेला, कपाट राहिले. तेव्हापासून ही खोली कपाटासह भाड्याने जाते. ते कपाट मुलाला. त्याने ते बाहेर काढायच्या भानगडीत पडू नये, त्याच्या वडिलांनी तीनदा करून पाहिले आहे.

कलम ४. वरची खोली आणि माझा खोटेपणा. वकीलबाईंच्या मते अशा मथळ्याचे कलम मृत्युपत्रात नसते. इथे आहे.

काटेवालीला खोली माझ्या नवऱ्याने दिली, मी नाही. ती तेव्हा तिशीची होती. एकटी आली, सोबत कपड्यांची एक पिशवी आणि पितळी वजनांच्या चार जड पेट्या. एकटी बाई भाडेकरू म्हणून मला नको होती. हे म्हणाले, "जिच्याकडे कपड्यांपेक्षा हत्यारं जास्त, तिला डोळे मिटून खोली द्यावी." पेट्या त्यांनीच वर चढवून दिल्या.

किराणावाले, औषधवाले, सोनार, टपाल कचेरी, सगळ्यांचे काटे तिच्याकडे येत. एका सोनाराने एकदा काटा केसभर कलता ठेवायला सांगितले आणि मजुरीच्या पाचपट पैसे देऊ केले. तिने काटा तसाच नादुरुस्त परत पाठवला, वर तपासणीची मजुरी मागितली, आणि ती वसूलही केली. पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा तिच्या धंद्यातल्या दोघा पुरुषांनी हात टेकले आणि दुकाने बंद केली. हिने चाळिशीत शिकवणी लावली, विशीतल्या पोरांशेजारी बसून सर्किटे शिकली आणि सहा महिन्यांत त्या पोरांनाच त्यांच्या चुका दाखवू लागली. पहिल्या तारखेला सकाळी कामावर बसण्याआधी ती जिना उतरून भाडे देई. बावीस वर्षांत एकदाच भाडे दुसऱ्या तारखेला आले, कारण आदल्या दिवशी तिच्या पायावर दहा किलोचे वजन पडले होते.

वीस वर्षांपूर्वी नवरा गेला. पुढच्याच वर्षी नगरपालिकेने घरपट्टीचे दर बदलले. घरचे माणूस राहत असेल त्या खोलीला एक दर आणि भाडेकरू राहत असेल त्या खोलीला जवळजवळ तिप्पट. फॉर्म आला. त्यात एक रकाना होता, 'खोलीत राहणाऱ्याचे मालकाशी नाते'. मुलाचे शिक्षण चालू होते आणि कपडेपटातला पगार महिन्याच्या वीस तारखेलाच मान टाकत असे. खालच्या खोलीत तेव्हा ते भांडकुदळ जोडपे होते. त्यांना नातेवाईक म्हणवून घेणे जिवावर आले, म्हणून तिथे खरे ते लिहिले. वरच्या खोलीपुढे लिहिले, 'सख्खी बहीण'. मी आईबापांची एकुलती एक. लिहिताना मी पेन एकदाही थांबवले नाही, हेही इथे नमूद करते. आणि अख्ख्या गल्लीत खोटी बहीण होण्यास सर्वांत नालायक अशी बाई मी निवडली, हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नाही.

दोन महिन्यांनी पडताळणीला इन्स्पेक्टर आला. मी त्याला चहा देत होते आणि काटेवाली नेमकी हातात एक वजन घेऊन जिना उतरत होती. मी तिला काहीच सांगितलेले नव्हते.

"तुम्ही या बाईंच्या बहीण का?" त्याने विचारले.

"त्यांनी तसं लिहिलंय?"

"हो."

"मग ते त्यांनाच विचारा," असे म्हणून ती माझ्याकडे एकदा बघून निघून गेली.

इन्स्पेक्टर हसला. "सख्ख्या बहिणींचंच असं वाकडं असतं. आमच्या घरी हीच तऱ्हा," म्हणाला आणि शिक्का मारून मोकळा झाला. ती गोड बोलली असती तर कदाचित त्याला संशय आला असता.

पुढच्या पहिल्या तारखेला तिने भाडे दिले आणि नेहमीप्रमाणे पावतीसाठी थांबली. मी म्हटले, "अगं, बहिणीला कोणी भाड्याची पावती देतं का? कुणाच्या हाती लागली तर दोघींना महागात पडेल." दोघींना, असे म्हणाले मी. तिने पावतीसाठी पुढे केलेला हात मागे घेतला. मग "बरं" म्हणाली आणि वर गेली. त्या दिवसापासून आजवर तिला एकही पावती दिलेली नाही. करार तर पहिल्यापासून तोंडीच होता. म्हणजे एका 'बरं'मध्ये त्या बाईने आपल्या डोक्यावरच्या छताचा पुढचा सगळा पुरावा सोडून दिला, आणि मी त्याला समजूतदारपणा म्हणत बसले.

सात वर्षांनी नगरपालिकेने घरोघरी नवी मोजमापे घेतली. टेप घेऊन एक तरुण मुलगी आली. मी आता खोटे बोलण्यात मुरले होते. तिने वरच्या खोलीविषयी विचारताच मी बहिणीच्या बालपणाच्या गोष्टी सुरू केल्या. आम्ही एका बाकावर बसायचो, ती माझ्या पेन्सिलींची टोके मोडायची, आईचा तिच्यावर जास्त जीव होता. मुलीने हातातल्या कागदाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, "बरं, आजी" म्हणाली आणि गेली. मी स्वतःवर खूश होते.

त्याच्या पुढच्या वर्षी वरचे छत गळू लागले. काटेवाली दोनदा सांगून गेली. मी कपडेपटातून नुकतीच निवृत्त झाले होते, घरपट्टी वाढली होती, खालची खोली चार महिने रिकामी होती. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मालकीणबाई, पाणी आता कामाच्या टेबलावर पडतंय. औषधवाल्यांचे काटे आहेत, गंजले तर भरून द्यावे लागतील." माझा तोल गेला. मी जे बोलले ते शब्दशः लिहिते, कारण या कागदात एवढे तरी खरे असावे. मी म्हणाले, "एवढा त्रास होतोय तर खोली सोड. तुझ्याकडे कागद काय आहे? कागदावर तू माझी बहीण आहेस. बहिणीला घराबाहेर काढायला मला नोटीससुद्धा लागत नाही."

ती फक्त म्हणाली, "छताचं तेवढं बघा." आणि वर कामाला गेली. मी गवंडी पाठवला तो पंधरा दिवसांनी. स्वतः वर जाऊन बघितले नाही. पुढच्या वर्षी छताचा खर्च काढायला तिचे भाडेही वाढवले. तिने वाढीव भाडे पहिल्या तारखेला दिले.

कलम ५. मुलाचे म्हणणे. माझा मुलगा चांगला आहे. दुसऱ्या गावी नोकरी करतो, दर रविवारी फोन करतो, माझ्या औषधांची नावे त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. दोन महिन्यांपूर्वी तो येऊन म्हणाला, "आई, घर विकू आणि तू माझ्याकडे चल. चांगलं गिऱ्हाईक आहे. फक्त घर रिकामं करून पाहिजे त्यांना. खालच्याशी करार आहे, तो संपतोय. वरचं काय?"

"वर तुझी मावशी आहे," मी म्हणाले. घरात ही थट्टा चालत असे.

तो हसला नाही. "आई, ती मावशी नाही. आणि कागदावर भाडेकरूही नाही. मग ती आहे कोण? उद्या तुला काही झालं तर मी तिला कोण म्हणून घरात ठेवू?"

त्याला तिला काढायचे नव्हते, त्याला खरेच उत्तर हवे होते. ते शोधायला वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, तिला भाडेकरू म्हणून हक्क द्यायचा तर आधी नगरपालिकेकडे खरे सांगा. मग एकोणीस वर्षांचा फरक, त्यावर दंड, त्यावर व्याज. माझी बँकेतली सगळी ठेव त्यात जाईल आणि तरी पुरेल याची खात्री नाही. न सांगितले तर माझ्यामागे ती वाऱ्यावर. मी आठ दिवस दोन्ही बाजूंनी विचार केला. नवव्या दिवशी पासबुक पर्समध्ये घातले आणि करखात्यात गेले.

कलम ६. करखात्यात काय झाले. खिडकीपाशी एक चाळिशीकडे झुकलेली कारकूनबाई होती. मी घराचा नंबर सांगितला आणि म्हटले, "मला एक खोटं मागे घ्यायचं आहे." तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"आजी, तुम्ही त्या पेन्सिली मोडणाऱ्या बहिणीच्या ना?"

ती तीच टेपवाली मुलगी होती. माझा चेहरा पडलेला बघून तिने मला आत बोलावून बसवले, पाणी दिले आणि एक जाड फाइल समोर उघडली. घरपट्टीच्या नोंदीत दोन रकाने असतात. एक मालकाचा आणि दुसरा भोगवटादाराचा, म्हणजे जागा प्रत्यक्ष वापरणाऱ्याचा. मालकाच्या रकान्यात माझे नाव होते. वरच्या खोलीच्या भोगवटादाराच्या रकान्यात काटेवालीचे नाव होते आणि पुढे लिहिले होते, 'भाडेकरू'. खाली एकोणीस वर्षांपूर्वीचा तिच्या हातचा अर्ज लावलेला होता. त्याची नक्कल मी मागून घेतली आहे. ती अशी:

'माझे घरमालकीणबाईंशी रक्ताचे नाते नाही. मी भाडेकरू आहे. तरी वरील खोलीची आकारणी भाडेकरूच्या दराने व्हावी. बाई घरच्या दराने भरतील त्यावरचा फरक दरवर्षी मी भरीन. त्याचे बिल घरी पाठवू नये, मी येऊन घेऊन जाईन. बाईंचे यजमान नुकतेच गेले आहेत. त्यांना या बाबतीत नोटीस काढू नये, ही विनंती.'

तारीख होती पावती नाकारली त्याच आठवड्याची.

एकोणीस वर्षे ती दर वर्षी त्या खिडकीवर जाऊन फरक भरत होती. कारकूनबाईने एक वर्ष बोट ठेवून दाखवले. त्या वर्षी सगळी दुकाने महिनोन्महिने बंद होती, कोणाला वजनकाट्याची गरज नव्हती. तिने त्या वर्षीचा फरक चार हप्त्यांत भरला होता. प्रत्येक पावती तिच्या नावाची होती आणि प्रत्येक पावतीवर 'भाडेकरू' असे छापलेले होते. माझ्या भोगवट्याचा एवढा भक्कम पुरावा माझ्याकडेसुद्धा नाही.

मी कारकूनबाईला विचारले, "तू आलीस तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो. यादीत होतं ना."

"मग माझ्या गोष्टी का ऐकल्यास?"

"तुम्ही इतक्या रंगात आला होतात, आजी. आणि कर पूर्ण भरला जात होता. खात्याची तक्रार काहीच नव्हती."

माझ्याकडे काही बाकी निघत नव्हती. दंड नाही, व्याज नाही. मी पासबुक तसेच घेऊन बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले. मला हिशेबाचे काही वाटत नव्हते. मला ते छताचे भांडण आठवत होते. 'तुझ्याकडे कागद काय आहे' असे मी तिला तोंडावर विचारले तेव्हा तिच्या पेटीत आठ वर्षांच्या पावत्या होत्या. त्यातली एक जरी तिने मला दाखवली असती तरी मी त्या क्षणी गप्प झाले असते. तिने ती दाखवली नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी असे माणूस दुसरे पाहिलेले नाही.

संध्याकाळी ती एका दुकानात काटा पोचवून आली तेव्हा मी तिला जिन्याच्या तळाशी गाठले.

"करखात्यात गेले होते मी," म्हटले.

"मग कळलं असेल."

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगायचं? मला खोट्या दराने राहायचं नव्हतं. तुम्हाला खरा दर परवडत नव्हता. दोन्ही दिसत होतं मला."

"आणि छताच्या वेळी? एक पावती माझ्या अंगावर फेकायची होतीस."

"फेकली असती तर मी जिंकले असते. मग तुम्ही खाली आणि मी वर, आपण राहिलो कशा असतो?"

मी तिला म्हणाले, खोली तुझ्या नावावर करून देते. ती चक्क घाबरली. "नको हो. मालकीण झाले की छत माझं मलाच बघावं लागेल. भाडेकरू बरी आहे मी. करार तेवढा करून द्या." आणि वर गेली.

कलम ७. देणी. वाटण्या करण्याआधी देणी भागवावी लागतात, हे वकीलबाईंनी मला समजावले आणि ते ऐकून मला फार बरे वाटले. कारण काटेवाली बक्षीस घेणार नाही, पण देणे नाकारायला तिला जागा नाही. एकोणीस वर्षांत तिने भरलेल्या फरकाची बेरीज कारकूनबाईने करून दिली आहे. ती रक्कम, बँकेच्या ठेवीच्या दराने व्याजासह, माझ्या ठेवीतून तिला सर्वांच्या आधी द्यावी. तिने नको म्हटल्यास तिला हे कलम दाखवावे आणि सांगावे, की एवढी वर्षे तिचे वजन माझ्या पारड्यात पडून होते, ते तिने आता उचलून न्यावे.

कलम ८. घर. सर्व मिळकत माझ्या मुलास. वरच्या खोलीचा नोंदलेला करार मी माझ्या हयातीतच मागच्या सोमवारी केला आहे. काटेवाली हयात असेपर्यंत किंवा स्वतः होऊन सोडेपर्यंत खोली तिची, भाडे आहे तेच, पावती दर महिन्याला. मुलाने घर विकायचे तर या करारासह विकावे. तसे गिऱ्हाईक मिळणार नाही असे तो म्हणेल. मिळेल, जरा कमी पैशात मिळेल. ती कमी मी त्याला सोसायला सांगते आहे, कारण त्याचे शिक्षण ज्या पैशातून झाले त्यातले थोडे या बाईचे होते. हे त्याला मी फोनवर सांगितले तेव्हा त्याने आधी रक्कम विचारली. मग म्हणाला, "आई, विकायचं राहू दे सध्या." तो चांगला आहे हे मी वर लिहिलेच आहे.

कलम ९. घराची दुखणी. घराबरोबर ही मुलाने पदरात घ्यावीत. वरच्या टाकीचा कॉक उलटा बसवला आहे, बंद करायला डावीकडे फिरवावा. मीटरच्या फळीमागे मुंग्या येतात, औषध मारू नये, फट बुजवावी. घरपट्टीच्या बिलातले क्षेत्रफळ दर वर्षी स्वतः मोजून बघावे. भाडेकरू ठेवताना त्याच्या पगाराची चौकशी कमी करावी आणि तो आपली हत्यारे कशी ठेवतो ते बघावे, हे माझ्या नवऱ्याचे मत. आणि कोणताही फॉर्म भरताना जो रकाना आपल्याला नडेल तोच सर्वांत नीट भरावा, हे माझे.

कलम १०. देणी भागवून जी ठेव उरेल ती नातीच्या शिक्षणाला. माझे मनगटी घड्याळही तिलाच. ते चार मिनिटे पुढे आहे, तसेच राहू द्यावे. त्यामुळे मी तीस वर्षे कामावर वेळेत पोहोचले.

कलम ११. हे मृत्युपत्र वाचताना काटेवालीला खुर्चीवर बसवावे, मुलाने तिच्यासमोर उभे राहावे आणि पुढील मजकूर माझ्या वतीने मोठ्याने वाचावा: 'छताच्या भांडणात मी तुला जे बोलले त्याबद्दल मी तुझी क्षमा मागते. तू त्या दिवशी मला वाचवलेस आणि मला ते अकरा वर्षे कळलेही नाही.'

दुरुस्ती, सहीपूर्वी केलेली. कलम अकरा वाचून वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "बाकीची देणी वारस फेडतील. हे कसं फेडणार? तिला तुम्हाला उलट काही बोलायचं असेल तर ते ती कोणाला बोलणार?" घरी आल्यावर दोन दिवस टाळाटाळ केली, गुडघ्यांचे निमित्त केले. आज सकाळी जिना चढले. सतरा पायऱ्या, मध्ये दोनदा थांबले.

ती एका औषधवाल्याच्या काट्यावर वाकलेली होती. दारात मला बघून तिने चिमटा खाली ठेवला. मी उभ्यानेच सुरू करणार होते. ती म्हणाली, "उभ्याने नका बोलू. बसा." एका खुर्चीवर वजनांची पेटी होती, ती तिने उचलून जमिनीवर ठेवली. ती बावीस वर्षे इथे राहते आणि मी त्या खोलीत आजच पहिल्यांदा बसले. मग मी जे बोलायचे ते बोलले. ते तिला सांगून झाले आहे, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही.

मला वाटले होते ती 'जाऊ द्या हो' म्हणेल. कोणीही म्हटले असते. ती तसे म्हणाली नाही. म्हणाली, "लागलं होतं मला ते. फार लागलं होतं." आणि चिमटा पुन्हा उचलत, "बरं झालं वर आलात."

तरी कलम अकरा रद्द समजावे. कारण, फेडले.

वरील मजकूर मी वाचला, समजला आणि माझ्या पूर्ण शुद्धीत दोन्ही साक्षीदारांसमक्ष त्यावर सही केली. ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला नसावे म्हणून काटेवाली सह्या होईपर्यंत गच्चीत जाऊन उभी राहिली.

सही: (मृत्युपत्र करणारी)

साक्षीदार १: सही. कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे डॉक्टर. जिना चढू नका असे यांनी मला बजावले होते, आणि आज सहीसाठी माझ्यामागोमाग तेही चढले.

साक्षीदार २: सही. करखात्यातील कारकूनबाई, सुट्टीच्या दिवशी.

दिनांक: चालू महिन्याची नऊ तारीख, शनिवार.

स्थळ: वरची पुढची खोली, भाडेकरूचे कामाचे टेबल.